मैदानाची प्रश्नपेटी : दोन खेळ, एक खेळाडू

प्रश्न : चुनी गोस्वामी म्हणजे भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार, एवढंच मला ठाऊक होतं. परवा बाबा म्हणाले, ते मुंबईविरुद्ध रणजीची फायनल खेळलेत. फुटबॉलपटू रणजी फायनलला कसा पोचेल? बाबांची गल्लत होतेय का?

उत्तर : बाबांना आधी चहा करून द्या, त्यांचं अगदी बरोबर आहे. गोस्वामी एकदा नव्हे, दोनदा खेळले. १९६८-६९च्या अंतिम सामन्यात बंगालकडून त्यांनी ९६ आणि ८४ धावा काढल्या. मुंबईनं पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक राखला, त्यामुळे ती मेहनत पाण्यात गेली. १९७१-७२मध्ये पुन्हा बंगाल विरुद्ध मुंबई. या वेळी गोस्वामी कर्णधार होते आणि पुन्हा हरले. आपल्याकडे मुंबईचे ते विजय पाठ असलेले पुष्कळ भेटतात, समोर कोण उभं होतं ते फारसं कुणी सांगत नाही.

आता त्यांचं मूळ घर, फुटबॉल. आठ वर्षांच्या चुनीला १९४६ साली मोहन बागानच्या कनिष्ठ संघात घेतलं ते बलाईदास चटर्जींनी. हेच चटर्जी पुढे १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रशिक्षक होते. आपली बरीचशी पोरं अनवाणी खेळली आणि फ्रान्सशी १-२ अशी हरली, तो सामना. चुनी १९५४ ते १९६८ मोहन बागानकडून खेळले, दुसऱ्या क्लबची पायरी चढले नाहीत. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते. उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२ हरवलं, त्यातले दोन गोल त्यांचे. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ नमवून सुवर्ण. आणि त्याच १९६२-६३च्या हंगामात हा गृहस्थ बंगालकडून प्रथम श्रेणी क्रिकेट, म्हणजे रणजीच्या दर्जाचं क्रिकेट, खेळायला उतरला!

हे जमलं कसं? अंगात गुण होते, हे तर झालंच. पण मला विचाराल तर निम्मं श्रेय कॅलेंडरचं. कोलकात्याची फुटबॉल लीग चिखलपाण्याची, उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर चालणारी. रणजी थंडीतली. एका खेळाचे बूट वाळत घालायचे आणि दुसऱ्याचे पॅड काढायचे. दोन्ही खेळ एकाच महिन्यात आले असते तर एक सुटलाच असता.

इंदूरचा सामना मात्र कुणी तरी सविस्तर लिहायला हवा. १९६६च्या डिसेंबरात सोबर्सचा वेस्ट इंडिज संघ मध्य आणि पूर्व विभागांच्या एकत्रित संघाशी खेळला आणि चक्क डावानं हरला. सुब्रत गुहांनी ११ बळी घेतले, गोस्वामींनी मध्यमगतीनं ८. वीसपैकी एकोणीस या दोघांचे! त्याच सामन्यात वेस्ट इंडिजच्या वेस हॉलचा झेल गोस्वामींनी लांब पळत जाऊन घेतला. मैदानावर पोरांना शिकवताना मी हा झेल हमखास सांगतो. उंच चेंडूवरची नजर न हलवता पूर्ण वेगानं पळायचं आणि पोचल्यावर तोल सावरायचा, हे क्रिकेटच्या नेटमध्ये कुणी शिकवत नाही. लांब पासमागे धावणाऱ्या फुटबॉलपटूला ते रोज करावं लागतं. चेंडू डोक्यावर असताना पाय कुठे पडताहेत हे त्याला बघावं लागत नाही.

हिशेबच हवा असेल तर ४६ प्रथम श्रेणी सामने, १५९२ धावा, ४७ बळी. 'हौशी' म्हणून सोडून द्यावे असे हे आकडे नाहीत.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची. फुटबॉल आणि धावणं दोन्ही आवडतं. फुटबॉलचे सर म्हणतात, आत्ताच एक निवडा नाही तर दोन्हीकडून जाईल. काय करावं?

उत्तर : 'दोन्हीकडून जाईल' हे वाक्य माझ्याही कानावर आयुष्यभर पडलंय, आणि म्हणणाऱ्याचा संघ बहुतेक वेळा एका खेळाडूनं कमी असतो. बारा हे निवडीचं वय नव्हे. जिम्नॅस्टिक्ससारख्या काही खेळांत लवकर ठरवावं लागतं, फुटबॉल आणि धावणं त्यात मोडत नाहीत.

धोका वेगळाच आहे. फुटबॉलचे सर तिला फुटबॉलपुरती दमवतात, धावण्याचे सर धावण्यापुरती. बेरीज कुणीच करत नाही. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखू लागतो किंवा टाच धरते, ती तक्रार बहुधा या न केलेल्या बेरजेची असते. तेव्हा एका कागदावर आठवडा आखा, दोन्ही सरांचे वार आणि तास त्यात लिहा आणि तो कागद दोघांनाही दाखवा. सगळे तास मिळून तिच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, म्हणजे सध्या आठवड्याला बाराच्या आत. एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टी म्हणजे 'हलकं जॉगिंग' नव्हे. आणि दुखणं आठवडाभर टिकलं तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

तारखा एकमेकींवर येऊ लागल्या की निवडीची वेळ खरोखर येईल. एम. जे. गोपालन यांच्यावर ती आली होती. मद्रासचा हा माणूस क्रिकेट आणि हॉकी दोन्हींत वरच्या दर्जाचा. १९३४ साली रणजी स्पर्धेतला पहिलावहिला चेंडू त्यांनीच टाकला. १९३६मध्ये एकीकडे क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा, दुसरीकडे बर्लिनला जाणारा हॉकी संघ. त्यांनी क्रिकेट निवडलं. दौऱ्यात एकही कसोटी वाट्याला आली नाही आणि हॉकी संघ सुवर्ण घेऊन परतला. यावरून 'हॉकी निवडायला हवी होती' असं आज म्हणणं सोपं आहे. निवडीच्या दिवशी त्यांच्यासमोर निकाल नव्हते. तुमच्या मुलीसमोरही नसतील, म्हणून तिला विचारा आणि ती म्हणेल ते धरा.

प्रश्न : मी जिल्ह्यापलीकडे कधी खेळलो नाही. प्रशिक्षक व्हायचं आहे. लोक हसतील का?

उत्तर : पहिलं वर्षभर हसतील. जकार्ताला सुवर्ण जिंकणाऱ्या गोस्वामींच्या त्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक होते. जर्नैल सिंग हा त्यांचा बचावपटू. डोक्याला जखम झाल्यावर रहीमनी त्याला बाहेर न बसवता थेट आघाडीला खेळवलं आणि अंतिम सामन्यातल्या दोन गोलांपैकी एक त्यानं केला. सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. उलट बाजूला स्वतः गोस्वामी आहेत. एवढं मोठं खेळून झाल्यावर तेही जमशेदपूरला टाटा फुटबॉल अकादमीत संचालक म्हणून पोरं घडवायला गेलेच. दोन्ही वाटा चालतात.

तुम्ही पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. शिट्टी त्यानंतर घ्या.