सुपरपॉवर म्हणजे महासत्ताच का?

कोथरूडच्या एका आजींचा प्रश्न आहे. तिसरीतल्या नातवाला शाळेतून गृहपाठ आला, घरातल्या प्रत्येकाची ‘सुपरपॉवर’ लिहून आणा. आजींनी मोबाईलला अर्थ विचारला, तर त्याने ‘महासत्ता’ असं उत्तर दिलं. ‘आता माझी महासत्ता कोणती, हे पोराला काय सांगू?’ असं त्या विचारतात.

मोबाईलने दिलेला अर्थ चुकीचा नाही, पण तो अग्रलेखातला अर्थ आहे. १९४४ साली विल्यम फॉक्स या अमेरिकी अभ्यासकाच्या पुस्तकाने तो रुळवला. त्याच्या यादीत अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या जोडीला ब्रिटनही होता. १९५६च्या सुएझ प्रकरणात ब्रिटनची ऐपत उघडी पडली आणि यादीत दोनच उरले. ‘महासत्ता’ हा मराठी शब्द या अर्थाला चपखल बसला. तो आता इतका रुळलाय की वक्तृत्व स्पर्धेत भारत दर वर्षी नव्याने महासत्ता होतो.

नातवाच्या गृहपाठातली सुपरपॉवर मात्र कॉमिक्समधून आलेली. सुपरमॅन १९३८ साली अवतरला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं, तो नुसत्या लांब उड्या मारायचा. उडणं मागाहून आलं. या अर्थाला मराठीत ‘अतिमानवी शक्ती’ म्हणतात, पण ते पुस्तकी वाटतं. आपला जुना शब्द ‘सिद्धी’. अणिमा म्हणजे अणूएवढं होणं, लघिमा म्हणजे कापसासारखं हलकं होणं, गरिमा म्हणजे हलवता न येण्याइतकं जड होणं. अशा एकूण आठ. फरक इतकाच की कॉमिक्समध्ये शक्ती मिळाली की नायक जन्माला येतो, आणि योगसूत्रं म्हणतात की सिद्धी ही समाधीच्या वाटेतली अडचण. आळंदीला चालवलेली भिंत दाखवतात, ती गोष्ट याच वळणाची. वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन आलेला चांगदेव सगळ्या सिद्धी बाळगून होता, आणि तिथे नमला तोच.

आजींच्या कामाचा अर्थ तिसराच आहे. ‘लक्ष्मी रोडला शनिवारी संध्याकाळी पार्किंग शोधणं ही माझी सुपरपॉवर’ असं कुणी म्हणतो, तेव्हा त्यात ना राष्ट्र आहे ना चमत्कार. एखाद्याला एखादी गोष्ट इतरांपेक्षा सहज जमते, एवढंच. आणि यासाठी मराठीकडे एक शब्द नाही, अख्खं कपाट आहे, त्यातही बहुतेक शब्द हाताचे. स्वयंपाकात ‘हाताला चव’ असते. डॉक्टरला ‘हातगुण’ असतो. औषध तेच, पण याच्याकडून घेतलं की उतार पडतो. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरचा ‘हात हलका’ असतो. उकडीचे मोदक हा काकूंचा ‘हातखंडा’, आणि अवघड गणित सोपं करून सांगायची बाईंची ‘हातोटी’. सरावाने ‘हात बसतो’, पण हातगुण सरावाने येत नाही, तो असावा लागतो. ‘सिद्धहस्त लेखक’ म्हणताना तर सिद्धी आणि हात एकाच शब्दात येतात. हातापलीकडे गेलात तर कुणाच्या जिभेवर सरस्वती, आणि ज्याचं अभद्र बोलणं खरं होतं त्याची ‘काळी जीभ’. पायगुण मी मुद्दाम मागे ठेवतोय. तो शब्द नव्या सुनेच्या माथी मारण्यासाठी इतका वापरला गेलाय की गृहपाठात नकोच.

तेव्हा आजींनी बिनदिक्कत ‘आजीच्या हाताला चव आहे’ असं लिहून द्यावं. ‘महासत्ता’ लिहिलं असतं तरी ते अगदीच टाकाऊ नसतं. ‘चाले हे शरीर कोणाचिये सत्ते’ असं तुकोबा म्हणतात, तिथे ‘सत्ता’ म्हणजे राज्य नव्हे, हातपाय हलवणारी शक्तीच. पुढे निवडणुकांनी तो शब्द पळवला.

हिंजवडीच्या मुलाखतींत ‘तुमची सुपरपॉवर काय?’ असं विचारतात म्हणे. तिथे हातगुण वगैरे सांगू नये. त्या प्रश्नाचं साधं मराठी ‘तुम्हाला काय चांगलं जमतं?’ एवढंच आहे.

राहिलं व्याकरण. शक्ती आणि सत्ता दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून ‘ती सुपरपॉवर’ आपोआप झालं. पण शब्द अजून पाहुणाच आहे. ‘बँक’ मुरली, म्हणून आपण ‘बँकेत’ जातो. पुढारी ‘सत्तेत’ असतात, पण ‘पॉवरेत’ कुणी नसतं, ‘पॉवरमध्ये’ असतात. अनेकवचनही तसंच: ‘त्याच्याकडे तीन सुपरपॉवर आहेत’ बरोबर, ‘सुपरपॉवर्स’ चालेल, ‘सुपरपॉवरी’ मात्र अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.