दुभाष्याविना स्पॅनिश रुग्णांशी बोलावे का?

प्रश्न : मी मूळची नागपूरची परिचारिका असून दोन वर्षांपासून अमेरिकेत ह्यूस्टन येथे काम करते. माझ्याकडील निम्मे रुग्ण स्पॅनिशभाषक आहेत. रुग्णालयाने आमच्यासाठी स्पॅनिश भाषा व संस्कृतीचा वर्ग सुरू केला आहे. तो पूर्ण केल्यावर दुभाष्याविना काम भागेल का?

उत्तर : वर्गाला अवश्य जावे, मात्र दुभाषी नकोसा व्हावा, हा हेतू त्यामागे नसावा. १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका क्यूबन तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले, तेव्हा घरच्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द वापरला. खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, एवढाच त्यांचा अर्थ होता. डॉक्टरांनी मात्र इंग्रजीतल्या जवळच्या शब्दावरून अमली पदार्थांचे अतिसेवन असे मानले. मेंदूतील रक्तस्राव वेळेत ओळखला गेला नाही आणि त्याचे हातपाय कायमचे निकामी झाले. दुभाषी बोलावण्याचे कुणालाच सुचले नाही, कारण समोरच्याचे बोलणे आपल्याला कळले आहे, असे दोन्ही बाजूंना वाटत होते. थोडी भाषा येऊ लागली की नेमका हाच धोका वाढतो.

म्हणून विचारपूस, धीर देणे, ‘कुठे दुखते?’ एवढे तुम्ही स्वतः बोलावे. निदान, औषधांची मात्रा आणि शस्त्रक्रियेची संमती यांसाठी प्रशिक्षित दुभाषीच हवा. तो विनामूल्य मिळणे हा तेथील कायद्याने रुग्णाचा हक्क आहे. सोबतच्या लहान मुलाकडून भाषांतर करवून घेऊ नये. आईच्या आजाराची वार्ता तिच्याच लेकराच्या तोंडून वदवणे मला क्रूर वाटते.

संस्कृतीचा भाग तुम्हाला तुलनेने सोपा जाईल. वडीलधाऱ्यांना ‘तू’ न म्हणता ‘उस्तेद’ म्हणावे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ‘माल दे ओहो’ म्हणजे आपल्याकडची दृष्ट लागणेच. ‘एम्पाचो’ या शब्दाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. पोटात अन्न अडकून राहिले, अशी ही समजूत असून त्यावर काही मेक्सिकन कुटुंबांत ‘ग्रेता’ किंवा ‘असार्कोन’ ही पूड देण्याची प्रथा आहे आणि या पुडींत शिसे असते. आईला दटावल्यास ती हे पुन्हा सांगणार नाही; म्हणून ‘बाळाला घरी काय दिलेत?’ हा प्रश्न आपुलकीने विचारायला शिका आणि तिचे उत्तर दुभाष्याकडून नीट समजून घ्या.