वाचकांचे प्रश्न : ओढ्याचं पाणी तपासताना

प्रश्न : आम्ही सात-आठ जण मिळून ओढ्याच्या पाण्याची दर महिन्याला तपासणी सुरू करतो आहोत. सुरुवातीला काय मोजावं?

उत्तर : तापमान, गढूळपणा, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप) आणि विरघळलेला ऑक्सिजन. पहिले सहा महिने एवढंच करा, पण नेटाने करा. मीटर कोणता घ्यायचा याआधी जागा आणि वेळ पक्की करा. शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात ऑक्सिजन सोडतात. रात्री मात्र पाण्यातले सगळेच जीव तो वापरत राहतात. त्यामुळे ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी उशिरा सर्वांत जास्त भरतो. एका महिन्यात सकाळी सातला आणि पुढच्या महिन्यात दुपारी तीनला मोजलंत, तर पाणी सुधारल्याचा भास होईल. तापमानही प्रत्येक वेळी लिहाच. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम ७.६. उन्हाळ्यात आकडा घसरला म्हणजे सांडपाणी मिसळलं, असं लगेच समजू नका.

नमुना घेताना प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभे राहा आणि पायांनी ढवळलेला गाळ वाहून जाऊ द्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. विसळलेलं पाणी आपल्या मागे, खालच्या अंगाला ओता. मग बाटली उपडी धरून वीतभर खोल न्या, तिथे तोंड प्रवाहाकडे वळवा आणि भरू द्या. ऑक्सिजनच्या बाटलीचं झाकण पाण्याखालीच लावा. आत एक बुडबुडा राहिला तरी त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि मुळात कमी असलेला आकडा फुगतो. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा घ्या. त्या दोन आकड्यांत जेवढा फरक पडतो, त्याहून लहान चढउतारांवरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : आमच्या रंग बदलणाऱ्या चाचणी-पट्टीवर नायट्रेट १० आलं, त्याच नमुन्याला प्रयोगशाळेने ४४ दिलं. चूक कुणाची?

उत्तर : बहुधा कुणाचीच नाही. पट्टीच्या डबीवर ‘नायट्रेट-नायट्रोजन’ लिहिलंय का पाहा. तो आकडा फक्त नायट्रोजनचा असतो, ४.४३ ने गुणलं की पूर्ण नायट्रेट मिळतं, म्हणजे १० चे ४४.३. वहीत आकड्याशेजारी एकक लिहिलं नसेल तर वर्षभराची नोंद वाया जाते, ही चूक फार होते. पट्टीचा रंगही डबीवर दिलेल्या सेकंदांनीच जुळवा, कारण उशीर झाला की तो गडद होत जातो.

प्रश्न : पीएच मीटर दर वेळी भलताच आकडा दाखवतो.

उत्तर : त्याचं टोक शुद्ध पाण्यात बुडवून ठेवत असाल. तसं केल्याने इलेक्ट्रोडच्या आतले क्षार बाहेर झिरपतात. साठवणीचं द्रावणच वापरा. मोजणीच्या दिवशी आधी ७ च्या, मग ४ किंवा १० च्या बफर द्रावणात (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) मीटर जुळवा. वापरलेलं बफर परत बाटलीत ओतू नका.

प्रश्न : सगळे आकडे चांगले आले, तर पाणी प्यायला चालेल का?

उत्तर : नाही. यातल्या एकाही चाचणीत जंतू दिसत नाहीत. त्यासाठी वेगळी निर्जंतुक बाटली लागते. ती विसळायची नाही, वर बोटभर जागा मोकळी सोडायची, बर्फात ठेवायची आणि शक्यतो सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची.