अहवालातील ‘प्रॉग्नॉस्टिक’ : वाचकांचे प्रश्न

पॅथॉलॉजीच्या अहवालातील ‘प्रॉग्नॉस्टिक’ या विशेषणावरून होणारा गोंधळ वाचकांच्या पत्रांतून वारंवार दिसतो, म्हणून काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : या शब्दातील ‘ग’चा उच्चार करायचा का?

होय.

प्रश्न : हा शब्द मूळचा कुठला?

ग्रीक. ‘प्रो’ म्हणजे आधी आणि ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. आपल्या ‘ज्ञा’ धातूचे आणि याचे मूळ एकच. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ‘प्रॉग्नॉस्टिकॉन’ या ग्रंथात टोकदार झालेले नाक, खोल गेलेले डोळे आणि गार पडलेले कान ही घातक लक्षणे म्हणून दिली आहेत. मात्र रोग्याला जागरण, जुलाब किंवा उपासमार घडली आहे का, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असेही तेथेच बजावले आहे.

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे. अहवालात ‘प्रॉग्नॉस्टिक’ आणि ‘प्रेडिक्टिव्ह’ असे दोन्ही शब्द आहेत. दोहोंचा अर्थ एकच ना? ‘हर-टू पॉझिटिव्ह’ म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असे शेजारी म्हणतात.

अर्थ एक नाही, आणि शेजाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे. आजाराची पुढची वाटचाल साधारण कशी राहील, हे सुचवणारी बाब ती प्रॉग्नॉस्टिक. काखेतील किती लसिकाग्रंथींत आजार पोहोचला आहे, हे तिचे ठळक उदाहरण. अमुक औषध या रुग्णाला लागू पडण्याची शक्यता किती, हे सांगणारी ती प्रेडिक्टिव्ह. हर-टू हे कर्करोगाच्या पेशींवर आढळणारे, त्यांची वाढ वेगाने घडवणारे प्रथिन. ते दोन्ही प्रकारांत मोडते : असा आजार अधिक आक्रमक असतो हे खरे, परंतु नेमक्या याच प्रथिनावर काम करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाल्यापासून ‘पॉझिटिव्ह’ या नोंदीमुळे उपचाराची एक महत्त्वाची वाट खुली होते. अहवालात हर-टूपुढे ‘२+’ असेल, तर तो निकाल अनिर्णित समजून ‘फिश’ ही हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी पुढची चाचणी करावी लागते. ऐकीव माहितीत दिवस घालवू नका. संपूर्ण अहवाल घेऊन कर्करोगतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा.

प्रश्न : लाळेच्या नमुन्यावरून कर्करोगाचे भाकीत करणारी ‘प्रेडिक्टिव्ह’ चाचणी सवलतीत मिळते आहे. करावी का?

जाहिरात वाचून मुळीच करू नये. अशा चाचण्या फार तर धोका वाढलेला आहे का, एवढेच सांगतात, आणि घरपोच मिळणाऱ्या काही चाचण्या स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्याशी निगडित बीआरसीए जनुकांतील हजारो ज्ञात दोषांपैकी मोजकेच तपासतात. त्यामुळे ‘निगेटिव्ह’ अहवाल पाहून मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) पुढे ढकलणे धोक्याचे आहे. घराण्यात कर्करोग असेल, तर आधी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्या आणि कोणती चाचणी करायची हे त्यांना ठरवू द्या.