जाण्यापूर्वीचे आठ आठवडे

राहते ठिकाण सोडून जायचे ठरलेली माणसे समुपदेशकाकडे येतात ती नव्या जागेची धास्ती घेऊन, असा सुरुवातीच्या काळात माझाही समज होता. तशी माणसे येतातच. परंतु माझ्यासमोर पुन्हा पुन्हा मांडली जाणारी चिंता निराळी आहे. “मॅडम, आता थोडेच दिवस उरले आहेत. इथले खाणेपिणे, इथली माणसे, सगळे मनसोक्त अनुभवून घ्यायचे आहे. पण कशातच मन लागत नाही. हे दिवस हातचे जात आहेत असे वाटते.” बदली झालेले नोकरदार, दूरदेशी शिकायला निघालेली मुले, उतारवयात घर हलवावे लागलेली जोडपी, अशा अनेकांच्या तोंडून हे जवळजवळ त्याच शब्दांत ऐकल्यावर एका अनुभवाच्या आधाराने त्याचे उत्तर लिहावे असे ठरवले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात भेटींमधले बोलणे मोजक्या संवादांत आणले आहे.

त्या बाई चाळिशीच्या होत्या. सोळा वर्षे एका ठिकाणी राहिल्यावर त्यांना बढतीवर दुसरीकडे जायचे होते आणि हातात आठ आठवडे होते. सोबत पती आणि बारा वर्षांची मुलगी. बढती त्यांनी स्वतः मागून घेतली होती, त्यामुळे तिच्याबद्दल तक्रार करण्याची सोयही उरली नव्हती. पहिल्या भेटीत त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. त्यात ४१ नोंदींची यादी होती. कुठे काय खायचे, कोणाकडे जेवायला जायचे, कोणाला घरी बोलवायचे, कोणत्या कार्यक्रमाला हजेरी लावायची, हे सारे तारखांसह लिहिलेले होते आणि त्यांतल्या १३ नोंदींपुढे बरोबरची खूण झालेली होती.

“या तेरांपैकी सर्वांत जास्त काय आवडले?” मी विचारले.

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्याकडे सगळ्यांचे फोटो आहेत.”

आदल्या रविवारी त्यांनी कुटुंबाला घेऊन एका दिवसात तीन ठिकाणी खाल्ले होते. तिसऱ्या ठिकाणी आपला सर्वांत आवडता पदार्थ समोर असताना त्यांना रडू कोसळले, कारण त्याला काही चवच लागत नव्हती. “माझ्यातलेच काहीतरी मेले आहे का?” असा त्यांचा प्रश्न होता. काहीही मेलेले नव्हते. एखादा पदार्थ खात गेल्यावर त्याच पदार्थाची गोडी कमी होत जाते, हे बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले आहे. आणि पोटच तुडुंब भरलेले असेल तर दुसरा पदार्थही फारशी मदत करू शकत नाही. मनाच्या दुःखाची निम्मी जबाबदारी पोटावर टाकता येते हे ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या. समुपदेशकाने प्रत्येक अश्रूचा उगम बालपणात शोधू नये, असे माझे ठाम मत आहे.

उरलेल्या निम्म्या भागाकडे मात्र मी माझ्या नेहमीच्या वाटेने गेले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत माझी घडण झाली आहे. प्रसंग माणसाला जेवढे छळतो त्याहून अधिक छळते ती प्रसंगाकडे केलेली हट्टी मागणी, हे तिचे सार. आणि मराठीचे भाग्य असे की ही हट्टी मागणी ओळखायला आपल्याकडे एकच अक्षर पुरते. ते अक्षर म्हणजे ‘च’. दुसऱ्या भेटीत मी त्या बोलत असताना त्यांची वाक्ये कागदावर उतरवून घेतली आणि तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. ‘सगळ्यांना भेटलेच पाहिजे.’ ‘प्रत्येक घास लक्षात राहिलाच पाहिजे.’ ‘एकही दिवस फुकट जाताच कामा नये.’ मी त्यांच्या हाती पेन्सिल दिली आणि प्रत्येक ‘च’ खोडून वाक्य पुन्हा लिहायला सांगितले. पहिले वाक्य असे झाले: ‘सगळ्यांना भेटता आले तर मला फार आवडेल, पण काही जण राहून जातील.’ ते त्यांनी दोनदा वाचले आणि खांदे सैल सोडले.

ही युक्ती मी वर्षानुवर्षे वापरते आणि तिचा मला थोडा अभिमानही आहे. म्हणूनच तिसऱ्या भेटीत त्या जे म्हणाल्या ते मला जरा झोंबले. “धावपळ थांबली आहे, मॅडम. यादी अर्ध्यावर आणली. पण जिथे जाते तिथे काचेच्या बाहेर उभी असल्यासारखे वाटते. सगळे आत आहेत आणि मी बाहेरून बघते आहे.”

मी अडकले होते. पुढे काय विचारावे हे सुचत नव्हते, म्हणून केवळ संभाषण चालू राहावे एवढ्या हेतूने मी विचारले, “तुम्ही जाणार हे कळल्यावर या सगळ्यांना काय वाटले?”

“कोणाला?”

“ज्यांच्याकडे तुम्ही जेवायला जाऊन आलात त्यांना. शेजाऱ्यांना. रोज भेटणाऱ्यांना.”

खोलीत बराच वेळ शांतता होती. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मी अजून कोणालाच सांगितलेले नाही.”

कार्यालयाला ठाऊक होते, जवळच्या नातेवाइकांना ठाऊक होते. त्यांच्या यादीतल्या एकाही माणसाला मात्र ठाऊक नव्हते. मुलीलाही शाळेत बोलायचे नाही अशी ताकीद होती. कारण विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत देते: “सांगितले की सगळे बदलते. लोक हळवे होतात, नाहीतर आपल्याला मोजायचे सोडून देतात. मला शेवटपर्यंत सगळे नेहमीसारखे हवे होते.”

इथे मी क्षणभर थांबले, कारण गेल्या अनेक वर्षांत ऐकलेल्या त्या एकाच वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी नव्याने लागला. त्या १३ ठिकाणी गेल्या होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस रोजच्यासारखा गप्पा मारत असताना त्या मनातल्या मनात त्याचा निरोप घेत होत्या. एकाच ताटाभोवती बसलेली दोन माणसे दोन वेगळ्या प्रसंगांना हजर होती. त्या माणसाला दुःखी होण्याची, काही बोलायचे राहिले असेल तर बोलण्याची, हक्काने आणखी एक वाढप करण्याची संधीच दिलेली नव्हती. जी काच त्यांना जाणवत होती ती त्यांनीच उभी केलेली होती. आणि मी तीन भेटी त्यांच्या विचारांकडे पाहत राहिले होते, त्यांच्या मौनाकडे माझे लक्ष गेले नव्हते. हे कबूल केलेच पाहिजे. (इथला ‘च’ राहू द्यायला माझी हरकत नाही.)

त्या आठवड्यासाठी मी एवढेच सुचवले की यादी बाजूला ठेवावी आणि कोणत्याही एकाच माणसाला सांगावे. त्यांनी ज्यांना निवडले त्यांचे नाव ४१ नोंदींत कुठेही नव्हते. कामावरून उशीर झाला की त्या घराजवळच्या ज्या साध्या खानावळीत जेवत असत, तिथे वाढणारे ते वयस्क गृहस्थ होते.

“ते नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘नेहमीचेच ना?’ आणि मी सांगून टाकले की आता महिनाभरच. ते पाण्याचा जग खाली ठेवून माझ्यासमोर बसले. इतक्या वर्षांत ते कधी बसले नव्हते. मग ते स्वतःचे गाव सोडून इथे आले तेव्हाचे सांगत राहिले. ते इथले नाहीत हे मला माहीतच नव्हते, मॅडम. मी कधी विचारलेच नव्हते.”

“आणि जेवण कसे होते?”

“काय होते ते आता नीट आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “पण पोटभर जेवले.”

फोटो काढला नव्हता.

पाचव्या भेटीत त्यांचे पती आले, आणि त्यांची अडचण उलट्या टोकाची निघाली. बदली पक्की झाल्यापासून त्यांनी संध्याकाळची मित्रमंडळी सोडली होती. “जायचेच आहे तर आता कशाला गुंतायचे?” हा त्यांचा प्रश्न होता, आणि पत्नीची धावपळ त्यांना नाटकी वाटत होती. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने १९४४ मध्ये शोकाविषयी जे लेखन केले त्यात महायुद्धाच्या काळातला एक अनुभव नोंदवला आहे. युद्धावर गेलेला पती परतणार नाही या धास्तीने काही स्त्रियांचा शोक तो जिवंत असतानाच पुरा होत असे, आणि तो सुखरूप परतल्यावर घरात त्याच्यासाठी जागाच उरलेली नसे. मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते गृहस्थ जरा अस्वस्थ झाले. ते अजून इथेच होते, मित्रही दोन गल्ल्यांपलीकडेच होते, आणि तरी त्यांनी आपल्यापुरता निरोप उरकून घेतला होता. त्यातल्या एका जुन्या मित्राशी तर ऐन त्याच महिन्यात अगदी किरकोळ कारणावरून त्यांचा खटका उडाला होता. असे खटके मी फार पाहिले आहेत. रागावून निघणे सोपे असते, म्हणून निघणारा माणूस नकळत राग शोधत असतो. असे भांडण सामान बांधण्याआधी मिटवावे. अंतर पडल्यावर ते मिटवायला निमित्त मिळत नाही.

आता ज्यांच्यापुढे असेच काही आठवडे आहेत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते.

तारीख लपवू नये, स्वतःपासूनही नाही. शेवट जवळ आहे हे ध्यानात घेतल्याने आनंद नासतो, अशी समजूत आहे. परंतु जेमी कुर्ट्झ यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळे सांगतो. पदवी हाती पडायला सुमारे सहा आठवडे उरलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी महाविद्यालयीन अनुभवांविषयी लिहायला लावले. काहींसमोर उरलेला वेळ अगदी थोडा म्हणून मांडला, तर काहींसमोर तोच वेळ भरपूर म्हणून मांडला. ज्यांच्यासमोर तो थोडा म्हणून आला ते दोन आठवड्यांनी अधिक समाधानी होते. मला त्यातला दुसरा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो: तेच विद्यार्थी महाविद्यालयाच्या जीवनात अधिक भाग घेऊ लागले होते. अनुभव गोळा करणे आणि त्यात भाग घेणे यांतला फरक ओळखायचा असेल तर एकच खूण पाहावी. आपण गेलो नसतो तर तिथे कोणाचे काही अडले असते का? अडले असते, तर आपण भाग घेत होतो.

सांगितल्यानंतर त्रास होणार नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या बाईंची भीती खोटी नव्हती. आपण जाणार हे कळल्यावर लोक पुढच्या महिन्याच्या बेतांतून आपल्याला सहजच वगळू लागतात आणि “तुम्ही तर काय, चाललातच” हे वाक्य कानी येऊ लागते. त्यात दुष्टावा नसतो. तेही आपल्याविना राहण्याची सवय करून घेत असतात. अशा वेळी रुसून बसण्यापेक्षा स्पष्ट बोलावे: “जाईन त्या दिवसापर्यंत मला धरून चाला.” हे बोलायला संकोच वाटतो, पण ऐकणाऱ्याला बहुधा बरेच वाटते.

खाण्याच्या बाबतीत माझा सल्ला अगदी घरगुती आहे. एका दिवसात एकच ठिकाण, तेही भूक लागलेली असताना आणि शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने. एखाद्याच्या हातचा पदार्थ आवडत असेल तर कृती लिहून मागण्याऐवजी त्यांच्या स्वयंपाकघरात एक सकाळ उभे राहावे. कागदावर प्रमाण येते. हात कुठे थांबतो ते येत नाही. शिवाय त्या सकाळच्या गप्पा जेवणाच्या पंगतीत कधीच होत नाहीत.

आपल्याकडे असलेले एखादे सामाजिक काम, मग ते हिशेब ठेवण्याचे असो वा झाडांना पाणी घालण्याचे, निघायच्या आदल्या दिवशी न सोपवता तीनचार आठवडे आधी सोपवावे. ते दुसऱ्याने आपल्यापेक्षा वेगळ्या रीतीने केलेले पाहताना जीव खालीवर होतो, पण विचारायला कोणी येते तेव्हा आपण अजून उपयोगी आहोत हेही कळते.

मुलांचे निरोप मुलांवर सोपवावेत. त्या मुलीवरची ताकीद उठल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी साऱ्या वर्गाला सांगितले, आणि पोटदुखीची जी कुरकूर महिनाभर चालू होती ती हळूहळू बंद झाली. ही पोटदुखी मला पहिल्या चार भेटींत कोणी सांगितली नव्हती. आणि कोणाची झोप व भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेली असेल, रोजची कामेही होत नसतील, तर ती केवळ निघण्याची हुरहुर आहे असे समजून अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे.

सातव्या आणि शेवटच्या भेटीला त्या बाई वीस मिनिटे उशिरा आल्या. निघताना शेजारच्या आजींनी जिन्यात थांबवले होते आणि त्यांचे बोलणे संपता संपत नव्हते. वेळेच्या बाबतीत मी कडक आहे, तरी त्या दिवशी काही बोलले नाही. यादीतल्या १९ नोंदी तशाच राहिल्या होत्या. हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितले. उरलेल्या वेळात आम्ही एकाच विषयावर बोललो: एका ओळखीच्या कुटुंबाने त्यांना निरोपाच्या जेवणाचे आमंत्रण दिले होते, तिथे जाण्याची त्यांची मुळीच इच्छा नव्हती, आणि नकार कोणत्या शब्दांत कळवावा हे त्यांना ठरवायचे होते.