सबसम्प्शन की इम्प्लिकेशन?

तुमचा प्रश्न असा आहे: उदाहरणांवरून तर्काचे नियम शिकताना एक क्लॉज (म्हणजे 'या अटी असतील तर हा निष्कर्ष' असा नियम) दुसऱ्यापेक्षा जास्त सामान्य आहे की नाही, हे थेट इम्प्लिकेशननेच, म्हणजे एकावरून दुसरा तर्काने निघतो का हे पाहूनच, का ठरवत नाहीत? थीटा-सबसम्प्शन, म्हणजे नुसती भरून-जुळवून पाहण्याची तपासणी, मध्ये कशाला आणायची?

कारण सबसम्प्शनची तपासणी कधीतरी संपते. एका क्लॉजमधून दुसरा निघतो का, हे सगळ्या क्लॉजसाठी ठरवून देणारी रीतच असू शकत नाही. हॉर्न क्लॉजपुरतंसुद्धा (ज्यांत जास्तीत जास्त एकच निष्कर्ष असतो) हे १९९२ मध्ये सिद्ध झालं. सबसम्प्शन एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे अवघड आहे, पण उत्तर मिळतं.

'क'मधल्या व्हेरिएबलच्या जागी काही भरल्यावर त्याचे सगळे लिटरल (अटी आणि निष्कर्ष यांतलं एकेक विधान) 'ख'मध्ये सापडले, तर क हा ख ला सबस्यूम करतो. मग क वरून ख निघतोच. उलटं मात्र खरं नाही. मी मुंबईत शिकवते, तेव्हा उदाहरण लोकलचंच घेते. 'गाडी अ ला पोचली, तर अ च्या पुढच्या स्टेशनला पोचेल.' यावरून 'अ ला पोचली, तर पुढच्याच्या पुढच्यालाही पोचेल' हे निघतं, पण नियम दोनदा लावून. नुसतं 'अ'च्या जागी 'पुढचं(अ)' भरलं तर अटही बदलते, आणि जुळणी तिथेच तुटते. संगणकशास्त्रज्ञ गेओर्ग गॉटलॉब यांनी १९८७ मध्ये दाखवलं की क स्वतःशीच रिझॉल्व्ह होत नसेल (त्याचा निष्कर्ष त्याच्याच अटीत बसवता येत नसेल) आणि ख टॉटॉलॉजी (काहीही झालं तरी खरंच असणारं विधान) नसेल, तर सबसम्प्शन आणि इम्प्लिकेशन हे दोन्ही संबंध एकच. म्हणजे आपण गमावतो ते मुख्यतः रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा लागू होणाऱ्या, नियमांत.

आणि मिळतं काय? संगणकशास्त्रज्ञ गॉर्डन प्लॉटकिन यांनी १९७० मध्ये मांडलेलं किमान सामान्यीकरण: दोन्ही उदाहरणांना सामावून घेणारा, पण गरजेपेक्षा जास्त सामान्य नसलेला नियम. मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. ही दोन उदाहरणं घ्या (← म्हणजे 'जर'; 'थेट' म्हणजे दोन स्टेशनांत थेट गाडी आहे, 'मार्ग' म्हणजे स्टेशन त्या मार्गावर आहे):

थेट(दादर, ठाणे) ← मार्ग(दादर, मध्य), मार्ग(ठाणे, मध्य)
थेट(वांद्रे, बोरिवली) ← मार्ग(वांद्रे, पश्चिम), मार्ग(बोरिवली, पश्चिम)

दादर-वांद्रे ही जोडी झाली अ, ठाणे-बोरिवली झाली ब, मध्य-पश्चिम झाली म. तीच जोडी पुन्हा आली की तेच अक्षर, हा एवढा नियम काटेकोर पाळायचा. मिळतं:

थेट(अ, ब) ← मार्ग(अ, म), मार्ग(ब, म), मार्ग(च, म), मार्ग(छ, म)

पहिल्यांदा हातानं करताना मी दुसऱ्या मार्गाला वेगळं अक्षर दिलं होतं. त्या नियमाप्रमाणे विक्रोळीहून (मध्य) मालाडलाही (पश्चिम) थेट गाडी निघाली! दोन्ही स्टेशनं एकाच मार्गावर हवीत ही गोष्ट सगळी त्या एका 'म'मध्ये आहे.

च आणि छ आले ते तिरक्या जोड्यांमधून: दादर-बोरिवली, ठाणे-वांद्रे. च च्या जागी अ, छ च्या जागी ब भरा, त्या दोन अटी आधीच्या अटींत विरून जातात. ही छाटणीसुद्धा सबसम्प्शननेच होते. ती प्रत्येक उदाहरणानंतर करा, कारण अटींचा गुणाकार होतो: इथे दोन दुणे चार, आणि न छाटता तिसरं उदाहरण घेतलंत तर आठ.