कोष काळा दिसला की जागचं हलू नका

प्रश्न : आमच्या कुंपणालगतच्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराचे कोष लागतात. फुलपाखरू बाहेर येतानाचे फोटो हवेत म्हणून तीनदा पहाटे उठलो. एकदा कोष हिरवागार, एकदा नुसतं टरफल, तिसऱ्यांदा फुलपाखरू पंख वाळवत बसलेलं! वेळ ओळखायची कशी? मोबाइलवर जमेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तीनच वेळा हुकलं ना? माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली.

घड्याळ बघू नका, रंग बघा. कोष हिरवा आहे तोवर खुशाल झोपा. साधारण आठ-दहा दिवसांनी तो काळपट दिसू लागतो. खरं तर कोषाचं आवरण पारदर्शक होतं आणि आतले घडी घातलेले नारिंगी पंख, त्यांची काळी-पांढरी टोकं दिसायला लागतात. संध्याकाळी असं दिसलं, तर बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी काम होतं. कोष फुटून फुलपाखरू बाहेर यायला दोन-तीन मिनिटं पुरतात. म्हणून आधीपासून कॅमेरा लावून बसायचं.

मोबाइल चालेल, पण ट्रायपॉड हवाच. दर पाच सेकंदांना एक फोटो ठेवा. तासाभरात 720 फोटो होतात, ते सेकंदाला 25 फ्रेमच्या वेगानं जोडले की अर्ध्या मिनिटाची फिल्म. फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करा, नाहीतर प्रत्येक ढगागणिक चित्र लुकलुकेल. फांदी काठीला सैलसर बांधा. फ्लॅश नको. ऊन कडक असेल तर मधे जुन्या धोतराचा तुकडा धरा, याहून चांगला डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) मला अजून मिळालेला नाही.

आता माझी फजिती. एकदा सगळं जमवलं, चार तास बसलो आणि कोष फ्रेममध्ये असा ठासून भरला होता की पंख उलगडले ते फ्रेमच्या बाहेर! फुलपाखरू रिकाम्या कोषाला धरून लटकतं, शरीरातला द्रव पंखांत भरतो आणि चुरगळलेले पंख खाली खाली लांबत जातात. तेव्हा कोषाच्या खाली त्याच्या दुप्पट तरी जागा मोकळी सोडा. फोटोत सुरुवातीला ते विचित्र दिसेल, दिसू द्या.

अडकलंय असं वाटलं तरी बोट लावू नका. पंख ओले असताना वाकडे झाले, तर तसेच वाळतात. लालसर थेंब पडतील. ते रक्त नव्हे, कोषात साठलेला टाकाऊ द्रव.

कधी कोष नुसताच तपकिरी पडतो, पंख दिसतच नाहीत. तेव्हा आत परजीवी माशीच्या अळ्या असू शकतात. कॅमेरा आवरू नका. एका कोषातून अशा अळ्या धाग्यावरून खाली उतरताना मी टिपल्या आहेत, आणि ती फिल्म मला फुलपाखराच्या फिल्मइतकीच आवडते.

आणि हो, रुईचा चीक हाताला लागला तर आधी हात धुवा, मगच डोळे चोळा.